अठरा किलोंचं वर्ष

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, १९६८ च्या पावसाळ्यात गेले. कोरेगाव तालुक्यातलं गाव, दगडमातीचं घर, पुढं सोपा. आबांना गालाचा कॅन्सर झाला होता. मोठ्या दवाखान्यात दाखवून आणलं, तर तिथल्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, ‘घरी न्या, सेवा करा.’ मी नऊ वर्षांची होते. पुढं चाळीस वर्षं नर्सिंग करताना हे वाक्य मी कितीतरी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, आणि दर वेळी मला आमचा सोपा आठवला.

सेवेत काही कमी पडलं असं मी म्हणणार नाही. आई आणि थोरली काकू आळीपाळीनं जागायच्या. नाचणीची पेज पातळ करून, गाळून, चमच्यानं भरवायच्या. जुन्या नऊवारीच्या घड्या करून पाठीखाली सरकवायच्या. जखमेला वास यायला लागला तेव्हा वडील धूप जाळायचे. संध्याकाळी भावकीतली माणसं येऊन हरिपाठ म्हणायची. आणि रात्री आबा ओरडायचे. गडीमाणूस ओरडतो हे मी तोवर ऐकलं नव्हतं. शेवटच्या महिन्यात शेजारच्या घरातली लहान पोरं मामाच्या गावाला पाठवली, त्या आवाजामुळे.

वडिलांची आत्या तेव्हा एकदा म्हणाली, ‘आमच्या वेळी अफू तरी मिळायची.’ तिचं आयुष्य परळला गेलेलं, नवरा गिरणीत. पाळीला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना बाळागोळी चाटवून जायच्या, तिच्यात अफू असायची, पोर दिवसभर गप्प. ती अफू सरकारी परवान्याच्या दुकानात उघड मिळे. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ही विक्री टप्प्याटप्प्यानं कमी करत आणली आणि १९५९ साली बंद केली. ते योग्यच केलं, गोळी चाटून किती पोरं कायमची गप्प झाली असतील देव जाणे. पण आबांच्या वाट्याला अफू आली नाही आणि अफूपासून डॉक्टर जे बनवतात ते मॉर्फिनही आलं नाही. जर्मनीत एका औषध विक्रेत्याच्या हाताखाली काम करणाऱ्या सेर्ट्युर्नर नावाच्या माणसानं ते एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला वेगळं काढलं होतं. म्हणजे आमच्या सोप्यापर्यंत यायला त्याला दीडशे वर्षं होती.

आबांच्या आदल्या वर्षी, १९६७ मध्ये, लंडनच्या दक्षिण भागात सिडनम इथं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रोग्यांसाठीचं घर, सुरू झालं. हे मला अर्थातच फार नंतर कळलं. सिसिली सॉन्डर्स हे नाव आमच्या कोर्सच्या पुस्तकात होतं, पण तिथं ती नुसती ‘संस्थापक’ होती. ती आधी नर्स होती, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पाठीच्या दुखण्यानं नर्सिंग सोडावं लागलं, मग ती दवाखान्यात समाजसेविकेचं काम करू लागली. तिथं पोलंडहून आलेला डेव्हिड टास्मा नावाचा ज्यू निर्वासित तिला भेटला. तरुण वय, पोटात कॅन्सर, जवळचं कुणी नाही. १९४८ मध्ये तो गेला तेव्हा तिच्या स्वप्नातल्या घराच्या एका खिडकीसाठी ५०० पौंड ठेवून गेला. घर उभं राहायला पुढं १९ वर्षं लागली. मधल्या काळात तिनं वयाच्या तिशीनंतर मेडिकलला प्रवेश घेतला आणि १९५७ मध्ये ती डॉक्टर झाली.

मला स्वतःला खिडकीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मरणासन्न गरिबांसाठीच्या सेंट ल्यूक्स नावाच्या एका जुन्या घरात ती संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून जायची. तिथल्या नर्सेस दुखणं उठायची वाट बघत नसत. घड्याळ बघून, ठरल्या वेळी, तोंडानं मॉर्फिन देत. बाकीच्या दवाखान्यांत उलट रीत होती. रोग्यानं कळवळायचं, बेल वाजवायची, मग सिस्टर किल्ली शोधणार, कपाट उघडणार आणि इंजेक्शन देणार. मी शिकले तेव्हा आमच्याकडेही हीच रीत होती, आणि ‘सारखं मागतोय, सवय लागली वाटतं’ असं आम्ही रोग्याच्या पाठीमागे म्हणायचो. मीही म्हटलं आहे. सॉन्डर्सबाईंनी १९५८ पासून हॅक्नीच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये ही घड्याळाची पद्धत राबवली, नोंदी ठेवल्या आणि दाखवून दिलं की दुखणं यायच्या आधी औषध पोचलं तर रोगी कमी औषधात निभावतो आणि शुद्धीवर असतो, बोलतो, भांडतोसुद्धा.

सेंट ख्रिस्तोफरच्या इमारतीचे फोटो सगळीकडे छापतात. पण दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांनी इमारतीबाहेर जायला सुरुवात केली. बार्बरा मॅकनल्टी नावाची नर्स आणि डॉ. मेरी बेन्स लोकांच्या घरी जाऊ लागल्या. आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी तिथून धरते. घरी मरणं ही जगातली जुनी रीत, पण घड्याळ आणि गोळी घेऊन घरी जाणारी नर्स ही नवी. अमेरिकेत तर १९७४ साली कनेक्टिकटमध्ये फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी काम सुरू केलं ते घरभेटींनीच, इमारत मागाहून झाली. तीही नर्सच.

अमेरिकेचा उल्लेख आला म्हणून सांगते. आमच्या पुण्यातल्या निम्म्या पेशंटचा एक मुलगा तिकडे असतो. तो व्हिडिओ कॉलवर विचारतो, ‘सिस्टर, सहा महिन्यांच्या आतलं आहे का?’ तिथं १९८२ च्या कायद्यानं म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात हॉस्पिस बसवलं आणि अट घातली, आयुष्य सहा महिन्यांहून कमी उरलंय असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं. आपल्याकडे तसली अट नाही आणि तसला विमाही नाही. मी त्याला सांगते, बाबा, तू फक्त या आठवड्याचं विचार.

आता आपल्याकडचं. १९८६ साली मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. टाटा हॉस्पिटलमधले सर्जन डॉ. लुईस डिसूझा यांनी ते उभारलं. खेड्यापाड्यांतून टाटाला आलेला माणूस, उपचार संपलेले, परत जायला घर लांब आणि मुंबईत डोक्यावर छप्पर नाही, अशांसाठी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी छापली: आधी साधी गोळी, मग मधली, आणि तिनंही भागलं नाही तर मॉर्फिन. कागदावर सगळं जुळून आलं होतं.

पण त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ मध्ये, दिल्लीत अंमली पदार्थांचा कायदा झाला. चोरट्या व्यापाऱ्यांसाठी केलेला. पण त्यात किमान दहा वर्षांची कैद होती आणि वहीतल्या चुकीलाही माफी नव्हती. बाळगण्याचा परवाना वेगळा, आणण्याचा वेगळा, नेण्याचा वेगळा, आणि ते सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. कोणता औषध दुकानदार या फंदात पडेल? दवाखान्यांनीही हळूहळू मागवणं सोडलं. देशात औषध म्हणून वापरलं जाणारं मॉर्फिन पुढच्या बारा वर्षांत ९७ टक्क्यांनी घटलं. १९९७ साली सगळ्या भारतासाठी मिळून १८ किलो. एवढे तर आमच्या सोसायटीतल्या एका घरात महिन्याला तांदूळ लागतात. आणि मंदसौर-नीमचच्या शेतांतून काढलेली अफू आपण परदेशच्या औषध कंपन्यांना विकत होतो, सरकारी शिक्क्यानं. आपल्याकडच्या बोंडाचा चीक परक्याच्या आजोबांच्या कामी येत होता. हे आकडे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला राग नाही आला, लाज वाटली. कारण त्या बारांपैकी बरीच वर्षं मी कॅन्सर वॉर्डात होते आणि मॉर्फिन नाही हे आम्ही सगळे पावसासारखं धरून चाललो होतो. यंदा नाही, नसतं कधी कधी.

त्याच १९९७ साली पुण्यात वारज्याला, हायवेच्या कडेला, सिप्ला कंपनीनं आपलं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे रोग्याचं दुखणं हलकं करणाऱ्या सेवेचं, सेंटर उघडलं. पन्नास खाटा, एक पैसा घ्यायचा नाही, आणि रोग्याजवळ घरचं एक माणूस राहायलाच पाहिजे. हा शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ते माणूस तिथं तोंड कसं धुवायचं, कूस कशी बदलायची, गोळी किती वाजता द्यायची हे शिकतं आणि मग रोग्याला घरी घेऊन जातं. मी तिथं नोकरीला नव्हते. शहरातल्या एका धर्मादाय संस्थेच्या घरभेटीच्या पथकात होते: एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक समाजसेविका आणि एक जुनी ओम्नी. पण आमची सगळी उमेदवारी वारज्याकडे बघत झाली.

संस्थेनं मला २००४ मध्ये कोळिकोडला सहा आठवड्यांच्या कोर्सला पाठवलं. तिथली गोष्ट सांगितल्याशिवाय घरभेटीचा इतिहास पुरा होत नाही. तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात भूल देणारे डॉ. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी डॉ. सुरेश कुमार यांनी १९९३ मध्ये एका खोलीत वेदनेचा दवाखाना सुरू केला होता. गिली बर्न नावाची एक इंग्रज नर्स त्या काळात भारतभर फिरून डॉक्टर-नर्सेसना हे शास्त्र शिकवत होती, तिचाही हात त्याला लागला होता. लवकरच त्यांच्या लक्षात आलं की दवाखान्यापर्यंत जो येऊ शकतो त्याला दुखणं कमी, आणि ज्याला सगळ्यात जास्त, तो घरात पडून आहे. मग १९९९ च्या सुमारास मलप्पुरम आणि आसपासच्या भागात गावोगावी माणसं तयार केली. रिक्षावाले, शिक्षक, बस कंडक्टर, कॉलेजची पोरं. दुकानादुकानांत डबे, त्यांत रुपया-दोन रुपये पडायचे आणि त्यावर नर्सचा पगार निघायचा. मी ज्या घरांत गेले तिथं स्वयंसेवक आधी तांदळाचं पोतं उतरवायचे. घरचा कर्ता अंथरुणाला खिळलाय, पोरांची फी थकलीय, आणि तुम्ही त्याला गोळी देऊन म्हणता दुखणं गेलं का? सॉन्डर्सबाईंनी याला सगळ्या बाजूंचं दुखणं म्हटलं होतं. मलप्पुरमच्या रिक्षावाल्यानं त्यांचं नावही ऐकलं नव्हतं, पण पोतं त्याच्या पाठीवर होतं. २००८ मध्ये केरळ सरकारनं या कामाचं धोरण केलं आणि पुढं ग्रामपंचायतींनी घरभेटीच्या नर्सेस नेमल्या.

परत येऊन मी तसंच पुण्यात करायला गेले आणि तोंडावर पडले. केरळात माणूस अंगणात बसून ‘आत या’ म्हणतो. इथं शेजाऱ्यांना कळू नये म्हणून लोक आमची गाडी चौकात थांबवायला सांगायचे. जिना चढून गेलं की मुलगा दारातच हळू आवाजात म्हणणार, ‘सिस्टर, बाबांना काही सांगू नका हं. त्यांना अल्सर सांगितलाय.’ आत जावं तर बाबा मुलाला पाणी आणायला पिटाळणार आणि म्हणणार, ‘मला ठाऊक आहे काय ते. पण पोराला बोलू नका, हाय खाईल.’ तीन खोल्यांच्या घरात दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवताहेत आणि आई स्वयंपाकघरात दोघांचीही समजूत घालतेय. माझं काम बहुतेक वेळा एवढंच असायचं, की त्या दोघांना एका खोलीत बसवायचं आणि आपण उठून ओट्यापाशी जायचं.

दुसरी अडचण जेवणाची. मरणाऱ्या माणसाची भूक जाते, शरीरच नको म्हणतं. पण आपल्याकडे न जेवलेला माणूस म्हणजे घरच्या बाईची हार. यात माझ्या हातून झालेली चूक सांगते. कोळिकोडला जाण्याआधीची गोष्ट. कसब्यातल्या एका वाड्यात सत्तरीचे गृहस्थ होते, दोन-चार दिवसांचे सोबती. सूनबाई रडून म्हणाली, ‘पोटात काही नाही हो त्यांच्या,’ म्हणून मी नाकातून नळी घातली. त्यांनी माझा हात दोनदा बाजूला सारला होता. घातलेलं दूध छातीत गेलं. ते दोन दिवस त्यांना जे झालं ते मी वहीत ‘श्वासाचा त्रास’ असं दोन शब्दांत लिहिलं आहे. आता मी घरच्यांना ओलं फडकं देते. ओठ, हिरड्या, जीभ दर तासाला ओली करा, बर्फाचा चुरा चालेल, अननसाची चकती चोखू द्या. हेही भरवणंच आहे.

आणि रीतीभाती. घटका भरत आल्या की माणसाला खाली घ्यायचं, सारवलेल्या जमिनीवर, दर्भ टाकून. शहाबादी फरशीवर एका आजींना असं दोन दिवस आधीच खाली घेतलेलं मी पाहिलं. पाठीची सालं निघाली. सुरुवातीला मी वाद घालायचे. मग एका गुरुजींनीच तोड काढून दिली: गादीच खाली घ्या, दर्भ गादीखाली. तेव्हापासून आम्ही तसंच सांगतो आणि आजवर एकाही घरानं नाही म्हटलेलं नाही. गंगाजळाचंही तसंच. घरघर लागलेल्या माणसाच्या तोंडात चमचा ओतला तर तो गुदमरतो. तुळशीचं पान बुडवून ओठांना लावा, कुशीवर वळवून ठेवा. घरघर ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण त्या वेळी त्या माणसाला ती बहुधा जाणवत नसते.

बॅगेत काय असायचं ते सांगते, कारण लोकांना वाटतं काहीतरी मोठी यंत्रं असतील. मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या. दर चार तासांनी एक, आणि झोपताना दुप्पट, म्हणजे रात्री दोनला उठवावं लागत नाही. सोबत जुलाबाची गोळी, कारण मॉर्फिननं शौचाला हमखास बांधून होतं. पहिले काही दिवस मळमळेल म्हणून उलटीचं औषध. सडलेल्या जखमेवर टाकायला मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड. आबांच्या जखमेचा वास धुपानं गेला नव्हता. या पुडीनं दोन-तीन दिवसांत बराचसा जातो आणि गोळ्यांना काही रुपये पडतात. बाकी कापूस, गॉज, मूत्रनळी आणि वही. पहिल्या भेटीला बहुतेक घरांत एकच प्रश्न, ‘मॉर्फिन म्हणजे शेवटचं ना?’ मी माझ्या एका पेशंटची हकीकत सांगायचे. हाडांत कॅन्सर, मॉर्फिन चालू, आणि बाई पावणेदोन वर्षं तुळशीबागेत जाऊन घासाघीस करत होत्या.

कायदा सुधारायला २०१४ उजाडलं. संसदेनं दुरुस्ती करून मॉर्फिनसारख्या आवश्यक औषधांसाठी देशभर एकच नियम केला, मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मंजुरी पुरे. चार-पाच परवान्यांची फाइल मी माझ्या हातानं रद्दीत घातली. त्याआधी २०१२ मध्ये केंद्रानं पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, त्याच वर्षी टाटा हॉस्पिटलमध्ये या विषयाची एमडी सुरू झाली. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली, म्हणजे मशीनवर ठेवू नका असं माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. लोक हे आणि आमचं काम एकच समजतात. आम्ही मरण लवकर आणत नाही आणि लांबवतही नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता वाक्य झोपेतही म्हणते. एवढं सगळं होऊनही जिल्ह्याच्या गावाबाहेर मॉर्फिनची गोळी शोधायला निघालात तर अजूनही दिवस जातो, हेही लिहून ठेवते.

जाता जाता तीन कामाच्या गोष्टी. घरात असा रोगी असेल तर ‘सेवा करा’ एवढं ऐकून दवाखान्यातून निघू नका. वेदनेचं औषध कोण देणार, रात्री फोन कुणाला करायचा हे विचारा, आणि हे उपचार संपल्यावर नाही, चालू असतानाच विचारा. मृत्यू घरी झाला तर उपचार करणारा डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला देतो, ‘चार अ’ नंबरचा फॉर्म. तो नसेल तर वैकुंठ स्मशानभूमीचा पास मिळवताना ऐन वेळी धावाधाव होते. म्हणून केसपेपरची झेरॉक्स उशाशीच ठेवा. आणि उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या फेकू नका, शेजारी कुणाचा गुडघा दुखतो म्हणून देऊ तर मुळीच नका. तेराव्यानंतर सवडीनं आणून द्या. आम्ही तुमच्यासमोर मोजतो, वहीत आकडा लिहितो आणि तुमची सही घेतो.